बोल्ट आत गेला म्हणून तो जुळला असं नाही

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू मूळचा गुहागरकडचा, सध्या कॅनडात कॅलगरीला. तिथल्या परवान्यावर तू इशापूरच्या कारखान्यातली १९४२ सालची ली-एन्फिल्ड रायफल घेतलीस, नंबर १ मार्क ३ स्टार, म्हणजे आपल्याकडची थ्री-नॉट-थ्री. रायफलीला बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) नव्हता आणि फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) तडकलेला होता. बोल्ट एकाकडून, बोल्ट हेड (बोल्टच्या पुढच्या टोकाला फिरवून बसवायचं वेगळं तोंड) दुसऱ्याकडून आणि फोरएंड तिसऱ्याकडून मागवलास. सगळं बसलं, बोल्ट लोण्यासारखा चालतो, तर आता रेंजवर न्यायला हरकत आहे का, असं तू विचारलंस. शिवाय गणपतीला येताना मामांच्या पॉइंट ३१५ रायफलीसाठी एक एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) आणू का, हेही विचारलंस.

पहिल्याचं उत्तर: गेज (काडतुसाच्या जागेचं माप तपासायचा ठरावीक जाडीचा तुकडा) लावल्याशिवाय एकही गोळी झाडू नकोस. दुसऱ्याचं उत्तर: आणू नकोस. दोन्हींची कारणं सांगतो.

मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती शाखेत, २४ वर्षं आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो. निवृत्तीनंतर काही वर्षं जिल्ह्यातल्या एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात बसलो. आता दापोलीत घरी असतो. या एवढ्या वर्षांत ज्या रायफलींची मला खरी भीती वाटली, त्या गंजलेल्या किंवा मोडलेल्या नव्हत्या. गंजलेल्या रायफलीला माणूस हात लावतानाच विचार करतो. भीती वाटली ती चकचकीत, सुरळीत चालणाऱ्या आणि आतून तीन वेगळ्या रायफलींच्या भागांनी जोडलेल्या रायफलींची.

एक प्रसंग सांगतो. एका एनसीसी युनिटच्या कोतात (शस्त्रांच्या खोलीत) तपासणीला गेलो होतो. आदल्या दिवशी पोरांनी सफाई केलेली. बारा रायफली ओळीने, बोल्ट काढून ताडपत्रीवर ठेवलेले, आणि पाऊस आला म्हणून घाईत जो हाताला लागला तो बोल्ट ज्या रायफलीत गेला त्यात घालून सगळ्या रॅकला लावलेल्या. सगळे बोल्ट बसले होते. एकही अडत नव्हता. मी नंबर वाचायला लागलो तेव्हा कळलं की सात रायफलींत परका बोल्ट आहे. त्या सातांपैकी दोन रायफली ७४ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेजवर आरामात बंद झाल्या, आणि त्या गेजवर रायफल बंद होताच कामा नये. त्या दोन रायफली आठवड्याभरात फायरिंगला जाणार होत्या.

ली-एन्फिल्डचा बोल्ट कारखान्यात त्या त्या बॉडीशी (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याशी) हाताने जुळवलेला असतो. म्हणूनच बोल्टच्या मुठीमागे आणि बॉडीवर एकच नंबर ठोकलेला असतो. या बोल्टला दोन ठिकाणी आधार असतो. डावीकडे एक छोटा लग (उंचवटा) बॉडीतल्या खाचेत बसतो आणि उजवीकडे लांब पट्टीचं मागचं टोक बॉडीच्या खांद्याला टेकतं. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा सगळा धक्का या दोन जागा वाटून घेतात. परक्या बोल्टमध्ये बहुतेक वेळा एकच बाजू टेकते. मग सगळा भार एकाच बाजूवर येतो, नेम एका बाजूला जातो, आणि पुढे कधीतरी लगच्या मुळाशी केसासारखी चीर पडते.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने दोनदा बघ. स्ट्रायकर (काडतुसावर आदळणारी सुई) आणि स्प्रिंग काढून टाक. दोन्ही आधाराच्या जागा पेट्रोलने पुसून कोरड्या कर आणि त्यांवर मार्किंग ब्लूचा (खुणेच्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात दे. आमच्याकडे ब्लू संपला की दिव्याची काजळी धरायचो, तीही तितकंच खरं सांगते. बोल्ट घाल, बंद कर, मूठ मागे ओढत ओढत पाच-सात वेळा वर-खाली कर आणि बाहेर काढ. दोन्ही बाजूंचा रंग पुसला गेला असेल तर ठीक. एकाच बाजूचा गेला असेल तर तो बोल्ट तुझ्या रायफलीचा नाही. कानस घेऊन टेकणारी बाजू घासायचा मोह होईल, तो आवर. त्या जागेवरचं कठीण कवच पातळ असतं. ते गेलं की खालचं लोखंड मऊ लागतं, आणि प्रत्येक गोळीबरोबर ते दबत जातं. आर्मररही तिथे तेलाच्या दगडाने दोन-चार हात मारायचा आणि प्रत्येक हातानंतर मोजायचा.

आता बोल्ट हेड. तुझी नंबर १ आहे, तिच्या हेडवर मापाचा आकडा नसतो. नंबर ४ रायफलीच्या हेडवर ०, १, २, ३ असे आकडे असतात. आकडा वाढला की हेड साधारण ३ थाऊने लांब होतं, पण तिथेही आकड्यावर विसंबायचं नाही, मायक्रोमीटर लावायचा. तुझ्या रायफलीला योग्य हेड शोधायची एकच रीत आहे: एकामागून एक लावून गेज करणं. आमच्या वर्कशॉपमध्ये एका पत्र्याच्या डब्यात नंबर १ ची जुनी हेडं साठवलेली असायची. एका रायफलीला बरोबर बसणारं हेड मिळेपर्यंत कधी कधी पंधरा-वीस हेडं लावून बघावी लागायची. तू एकच हेड मागवलंस आणि ते बरोबर निघालं, असं होऊ शकतं. पण ते गेजनेच ठरेल.

हेड हाताने पूर्ण फिरवून बघ. ते बोल्टच्या अंगाला घट्ट टेकून थांबलं पाहिजे. थांबल्यावर हेडचा कान बोल्टच्या पट्टीच्या रेषेपुढे फार गेलेला नसावा. साधारण २० अंशांपर्यंत चालतं. त्यापुढे फिरत असेल तर एक तर हेड झिजलंय किंवा बोल्टचं तोंड. आणि ते अंगाला टेकायच्या आधीच पट्टीशी जुळत असेल, तर धक्क्याचा भार खांद्यावर न जाता आट्यांवर जातो. हे आटे त्या कामासाठी नाहीत.

गेजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकतं. त्यामुळे हेडस्पेस म्हणजे बोल्ट हेडच्या तोंडापासून काडतुसाची कडा जिथे नळीला टेकते तिथपर्यंतचं अंतर. सैन्यातला हिशेब साधा होता. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर बंद होता कामा नये. मधली जागा दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर. तुझ्याकडच्या बाजारात ६४, ६७ आणि ७० थाऊचे गेज मिळतील. ते आमच्यापेक्षा कडक आहेत. ६७ वर बंद झाली म्हणून लगेच घाबरू नकोस. ७० वरही बंद होत असेल तर रायफल गनस्मिथकडे ने. गेज लावताना स्ट्रायकर आणि एक्स्ट्रॅक्टर काढलेला असावा, तोंड आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) स्वच्छ असावेत, आणि मूठ फक्त एका बोटाने हलवावी. जोर लावलास तर ली-एन्फिल्ड कुठल्याही गेजवर बंद होते आणि गेजही बिघडतो.

जिवंत काडतुसाच्या बुडाला चिकटपट्टीचे थर लावून अंतर मोजायची युक्ती तू कुठेतरी वाचली असशील. ती करू नकोस. काडतुसाची कडा स्वतःच दहा थाऊपर्यंत कमीजास्त जाडीची असते, मग त्या मोजण्याला अर्थ काय राहिला? शिवाय घरात जिवंत काडतूस चेंबरमध्ये घालणं हाच गुन्हा मी कोणाला माफ केलेला नाही, स्वतःच्या मुलालाही नाही.

हेडस्पेस जास्त असेल तर पितळेचं काडतूस ताणतं आणि बुडाच्या थोडं वर फाटतं. पहिल्याच गोळीला फाटेल असं नाही, म्हणून लोक फसतात. झाडलेल्या काडतुसावर बुडापासून थोड्या अंतरावर चमकदार वळं दिसलं तर सावध हो. एक तार टोकाला वाकवून आत घाल आणि भिंतीवरून वर ओढ. तिथे खाच लागली तर ते पितळ संपलं. थोडा ताण प्रत्येक ली-एन्फिल्डमध्ये येतो, कारण हिचे लग मागे आहेत आणि दाबाखाली बोल्ट आणि बॉडी दोन्ही किंचित दबतात. म्हणूनच चेंबर तेलकट किंवा ओला असेल तर बोल्टवरचा धक्का वाढतो. काडतूस भिंतीला धरून राहत नाही, सरळ मागे सरकतं. आमच्याकडच्या जुलैच्या पावसात हे जवानांच्या कानीकपाळी ओरडून सांगावं लागायचं. तुझ्याकडे पाऊस कमी, पण साठवणीच्या तेलाने माखलेली नळी पुसल्याशिवाय रेंजवर नेणारे मी पुष्कळ पाहिलेत.

स्ट्रायकरचं टोक हेडच्या तोंडाबाहेर सुमारे ४० थाऊ यायला हवं. फार जास्त आलं तर कॅप (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) फोडतं आणि गॅस मागे येतो. कमी आलं तर काडतूस पेटत नाही, किंवा उशिरा पेटतं, आणि ते जास्त वाईट. टोक गोल आणि गुळगुळीत असावं. गंजाने खाल्लेलं, खडबडीत टोक बदलून टाक, त्याला दुरुस्ती नाही. हेडच्या तोंडावर भोकाभोवती खड्डे असतील तर कॅपला आधार मिळत नाही, तेही नको.

आता चाप आणि सेफ्टी. कॉकिंग पीस (स्ट्रायकरचं मागचं टोक) परक्या बोल्टबरोबर आला आहे आणि सिअर (त्याला अडवून धरणारा, चाप ओढल्यावर सोडणारा भाग) तुझ्या रायफलीचा, म्हणजे ही दोघांची पहिलीच भेट. चापाला दोन टप्पे जाणवले पाहिजेत: पहिला साधारण ३ ते ४ पौंडांचा, दुसरा ५ ते ६ पौंडांचा. पहिला टप्पाच नसेल किंवा दुसरा फुलासारखा हलका असेल तर थांब. रिकामी रायफल कॉक करून बोल्ट चार-पाच वेळा जोराने बंद कर. मग दस्त्याचं बूड जाड रबराच्या चटईवर आपट. एकदाही कॉकिंग पीस सुटला तर तो सिअर किंवा तो पीस रायफलीत राहता कामा नये. सेफ्टी लावून चाप जोरात ओढ, सोड, मग सेफ्टी काढ. काढताना स्ट्रायकर पुढे गेला तर सेफ्टी फक्त दिसायला आहे. ली-एन्फिल्डच्या सेफ्टीला आणि तिच्याशी जोडलेल्या लॉकिंग बोल्टला अनेक सुरुवातींचे आटे असतात. एक आटा चुकला तरी दोन्ही आत जातात, फिरतात, आणि धरत काहीच नाहीत. बाहेरून तो दोष दिसत नाही, वरची चाचणी केली तरच कळतो.

भाग कुठून आला हे त्याच्या अंगावर वाचता येतं. डीपी अशी अक्षरं ठोकलेली असतील तर तो कवायतीच्या रायफलीचा भाग आहे. अशा रायफली गोळीबारासाठी बाद ठरवलेल्या असायच्या. त्या मोडीत निघाल्या, सुटे झाल्या आणि त्यांचे बोल्ट, हेडं, फोरएंड सुट्या भागांच्या बाजारात आले. कोणीतरी अक्षरं घासून वर रंग काढला असेल तर तिथे धातू किंचित खोलगट दिसतो. नख फिरवलं की लागतं. तसा बोल्ट कितीही सुंदर असला तरी भिंतीवर टांग. आणखी एक: १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने याच बांधणीवर ७.६२ मिलिमीटरची २ए आणि मग २ए१ काढली. त्यांचं पोलाद सुधारलेलं होतं, मॅगझिन चौकोनी आणि बारा गोळ्यांचं. त्यांचे बोल्ट दिसायला तुझ्यासारखेच असतात आणि बाजारात दोन्ही एकाच डब्यात मिळतात. ७.६२ चं काडतूस कडेवर नाही, खांद्यावर टेकतं. त्यामुळे तिचा गेज वेगळा, एक्स्ट्रॅक्टर वेगळा. विकणाऱ्याला नेमकं विचार की बोल्ट कशातून निघाला. त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नकोस.

फोरएंड म्हणजे नुसती शोभा नाही. बॉडी मागे सरकू नये म्हणून तिला लाकडाच्या दोन पाठी टेकतात. त्या दोन्ही एकाच वेळी, एकसारख्या टेकल्या पाहिजेत. एक टेकली आणि दुसरी नाही, की लाकूड तिथून चिरतं. आमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याने पॉइंट ३१५ चा फोरएंड गावच्या सुताराकडून फणसाचा करून घेतला होता. हात फिरवत राहावं असं काम, सुतार खरोखर गुणी. पण पाठी त्याला कोणी दाखवल्याच नव्हत्या. पंधरा-वीस गोळ्यांत मॅगझिनच्या मागे उभी चीर गेली. चापाच्या पट्टीचा पुढचा स्क्रू आवळल्यावर बॉडी घट्ट बसली पाहिजे. त्या स्क्रूभोवती एक छोटी नळकांडी असते, ती हरवलेली नाही ना ते बघ. ती नसेल तर स्क्रू आवळशील तसतसं लाकूड दबत जाईल. कॅलगरीच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. इथे दापोलीत जून लागला की तेच लाकूड फुगून नळीला चिकटतं. म्हणून बसवल्यावर दोन-तीन महिने रायफल घरात ठेव आणि मग पुन्हा तपास. आतून-बाहेरून कच्चं जवसाचं तेल चोळ, व्हार्निश नको.

हे वाचून दस्ता काढायला जाशील, म्हणून आधीच सांगतो. नंबर १ मध्ये दस्ता आवळून धरणाऱ्या (वेगळ्याच) बोल्टचं चौकोनी टोक फोरएंडच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड काढल्याशिवाय तो बोल्ट फिरवलास तर फोरएंड मधोमध फुटतो. तुझा जुना फोरएंड जिथून तडकला आहे तिथे बघ. मला वाटतं, कोणीतरी हेच केलेलं असणार.

नळीविषयी फार लिहीत नाही, ती मूळची आहे. फक्त एक. जुना सैन्याचा दारूगोळा वापरणार असशील तर त्याच्या कॅपमधलं रसायन नळीत मीठ सोडतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. आम्ही फायरिंगनंतर फनेलने उकळतं पाणी नळीतून सोडायचो, मग कोरडी चिंदी, मग तेल. समुद्राकाठच्या माणसाला मीठ लोखंडाचं काय करतं हे वेगळं सांगायला नको. हर्णैच्या बंदरावरचा कुठलाही नांगर बघ. बोल्ट हेडचं तोंडही त्याच पाण्याने धू, लोक ते विसरतात.

आता मामांच्या एक्स्ट्रॅक्टरबद्दल. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री हा प्रतिबंधित बोअर आहे, म्हणून सामान्य परवानाधारकासाठी ऑर्डनन्स फॅक्टरीने याच ली-एन्फिल्डच्या बांधणीवर पॉइंट ३१५ काढली. दिसायला भावंडं आहेत, पण काडतूस वेगळं, कडा वेगळी, गेज वेगळा. तुझ्याकडे मिळणारा भाग थ्री-नॉट-थ्रीचा असणार. तो कदाचित बसेलही. पण एक्स्ट्रॅक्टरची पकड कडेच्या मापावर असते, आणि अर्धवट पकडणारा एक्स्ट्रॅक्टर ऐन वेळी काडतूस आत सोडून येतो. रात्री भातात रानडुकरं उतरलेली असताना मामांच्या हातात तशी रायफल नको. दुसरं, आणि जास्त गंभीर: १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात. बॅगेत एक्स्ट्रॅक्टर घेऊन उतरलास तर विमानतळावर तुझं काय होईल ते सोड, इथे मामांचा शेतीसंरक्षण परवाना धोक्यात येईल. दुरुस्ती करणाऱ्यालाही त्याच कायद्याखाली परवाना लागतो. मामांना सांग, रायफल आणि परवाना घेऊन जिल्ह्याच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा. तोवर ती वापरू नका.

तुझ्या रायफलीचं पुढचं पाऊल असं. काजळीची चाचणी घरी करून घे. दोन्ही बाजू टेकत असतील तर बोल्ट, हेड आणि रायफल तिन्ही तिथल्या गनस्मिथकडे ने आणि ६४, ६७, ७० हे तिन्ही गेज तुझ्या डोळ्यांदेखत लावायला सांग. पहिल्या गोळ्या त्यालाच झाडू दे, रायफल बांधून, दोरीने चाप ओढून, आडोशाआडून. काडतुसं नवीन, कारखान्याची. हाताने भरलेली नकोत. त्यांतल्या एका झाडलेल्या काडतुसाला करवतीने उभं चिरून आतल्या भिंतीचा फोटो मला पाठव, बुडाकडचा भाग स्पष्ट दिसेल असा. सोबत काजळी पुसलेल्या दोन्ही आधाराच्या जागांचे आणि हेडच्या तोंडाचे फोटो पाठव. ते बघून हेड बदलायचं की बोल्टच परत करायचा, ते सांगतो.